पुनर्मिश्रणाची पहिली पायरी

जबलपूरहून कटनीमार्गे रेल्वेने गेले असता मैहर लागते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी तेथील अनाथ मुलांना शिकवून एक वाद्यवृंद उभा केला, आणि बंदुकीच्या नळ्या कापून, त्या स्वरात लावून ‘नलतरंग’ हे वाद्य सिद्ध केले. जबलपुरात १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना आहे. तेव्हा येथील श्रोत्यांना नळ्यांचे नवल वाटणार नाही, वाटेल ते त्यांच्या नव्या उपयोगाचे. जुन्या वस्तूतून नवा नाद काढावयाचा, तर तिची घडण आधी ओळखावी लागते. ध्वनिमुद्रित गीताचे पुनर्मिश्रण, म्हणजेच ‘रिमिक्स’, या नियमास अपवाद नाही.

होतकरू तरुण बहुधा उलट दिशेने आरंभ करतो. आवडते गीत संगणकावर घेऊन तो त्याखाली ढोलाचा दणका जोडून देतो. ही नुसती भर झाली. जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे १९७० च्या दशकात ‘किंग टबी’ या नावाने ख्याती पावलेला ऑस्बर्न रडक हा मूळचा विद्युत्-उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर. गीतातील निरनिराळे आवाज ध्वनिफितीवर वेगवेगळे मुद्रित केलेले असत. त्यांतून त्याने गायकाचा आवाज मध्येच काढून घेतला, ढोल व खर्जाची गिटार तेवढी ठेवली आणि मोकळ्या झालेल्या जागेत प्रतिध्वनी सोडला. ‘डब’ हा संगीतप्रकार असा वजाबाकीतून घडला.

म्हणून पहिला अभ्यास ऐकण्याचा. एकच गीत घ्यावे आणि त्यातील मात्रा मोजाव्यात. मिनिटास १२० मात्रांची लय असेल, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, दादऱ्याचे आवर्तन ३ सेकंदांचे आणि त्रितालाचे ८ सेकंदांचे होते. संगणकावरील आखणी बहुधा चार-चार मात्रांची असते. तीवर दादरा तसाच बसविल्यास दोहोंच्या समा बारा मात्रांनंतरच जुळतात. शिवाय जुन्या मुद्रणांत वादकांची लय किंचित मागेपुढे होत असे. ती यंत्राच्या ठोक्यास जखडली की गाण्याचा श्वासच कोंडतो. नुसता वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढविला, तर पट्टीही अर्ध्या स्वराने चढते. ‘ऑडॅसिटी’सारख्या विनामूल्य साधनावर हे सारे पडताळून पाहता येते.

दुसरा प्रश्न हक्काचा. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. शब्द व चाल यांवरील हक्क मात्र त्या त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. तबकडी मोकळी झाली, म्हणून गीत मोकळे झाले असे नव्हे. २०१२ च्या दुरुस्तीने पाच वर्षांनंतर मानधन भरून गीत पुन्हा गाण्यास वाट ठेवली आहे. परंतु मूळ मुद्रणच वापरावयाचे, तर त्याच्या धन्याची संमती हवी.

यास्तव नवशिक्याने आरंभ आपल्या वस्तीतूनच करावा. बुंदेली गीत गाणारी एखादी वृद्धा आणि तिच्या साथीचा ढोलकीवादक यांचे आवाज वेगवेगळे मुद्रित करावेत. त्यांचे काय करणार हे त्यांना आधी सांगावे, मोबदला ठरवावा, नावे लिहून ठेवावीत. पुढे नवी रचना तयार झाली, की ती प्रथम त्या दोघांना ऐकवावी. आपला आवाज त्यांना त्यात ओळखू आला नाही, तर वजाबाकी कोठे जास्त झाली हे तेथेच कळते.