खुल्या व्यापाराचे करार आणि इंडोनेशियाचा कामकरी

दोन राष्ट्रांमध्यें खुल्या व्यापाराचा करार झाला म्हणजे त्या करारानें नेमकें काय खुलें होतें, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. माल, भांडवल आणि मनुष्य या तिघांनाहि सीमा ओलांडावी लागते. पैकीं मालावरील जकात एका सहीनें उतरते. भांडवलहि आपली वाट लवकरच काढतें. मनुष्याची गोष्ट निराळी. त्याच्याबरोबर त्याची भाषा, त्याचें शिक्षण आणि त्याचे हक्क हींहि सीमेवर येऊन उभीं राहतात. शिवाय पलीकडच्या कामकऱ्याला तो आपला प्रतिस्पर्धी वाटतो. म्हणून व्यापाराच्या करारांत मनुष्यासाठीं ठेवलेलें दार नेहमींच अरुंद असतें. त्या दारांतून कोण आंत जाऊं शकतो व कोण बाहेर राहतो, हें पाहावयाचें असल्यास इंडोनेशियाइतकें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

इंडोनेशियांतून परदेशीं जाणारा कामकरीवर्ग फार मोठा आहे. पूर्व, मध्य व पश्चिम जावा आणि लोंबोक बेट ज्यांत मोडतें तो पश्चिम नुसा तेंगारा प्रांत, येथून तो विशेषेंकरून निघतो. पुरुष मलेशियांतील पामतेलाच्या मळ्यांत व इमारतींच्या कामावर राबतात. स्त्रिया मलेशिया, हाँगकाँग, तैवान येथील घरांतून स्वयंपाक, मुलांचा सांभाळ आणि वृद्धांची शुश्रूषा करतात. त्यांनीं घरीं धाडलेल्या पैशावर खेड्यांतील घरें उभीं राहतात व मुलें शाळेंत जातात. परंतु यांपैकीं बहुतेक माणसें कोणत्याहि व्यापारी कराराच्या आधारें गेलेलीं नाहींत, ही गोष्ट आरंभींच ध्यानांत घेतली पाहिजे.

याचें कारण मूळ नियमांतच आहे. सन १९९५ मध्यें जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली, तेव्हां सेवांच्या व्यापाराचाहि एक सर्वसाधारण करार अंमलांत आला. सेवा पुरविण्याच्या चार प्रकारांपैकीं चौथा प्रकार म्हणजे माणसानें स्वतः परदेशीं जाऊन सेवा देणें. मात्र त्याच कराराच्या पुरवणींत स्पष्ट म्हटलें आहे कीं, परदेशाच्या रोजगाराच्या बाजारांत प्रवेश मागणाऱ्यांना, तसेंच नागरिकत्व किंवा कायमचें वास्तव्य मागणाऱ्यांना, हे नियम लागू नाहींत. कंपनीनें पाठविलेला अधिकारी किंवा ठराविक कामापुरता आलेला तज्ज्ञ यांना या चौकटींत जागा मिळते. नोकरी शोधीत आलेल्या मजुराला ती मिळत नाहीं.

या चौकटीबाहेर पाऊल टाकणारा एक करार इंडोनेशियानें जपानशीं केला. सन २००७ च्या ऑगस्टमध्यें जाकार्ता येथें त्यावर सह्या झाल्या आणि १ जुलै २००८ पासून तो लागू झाला. त्यांत मालावरील जकातीचीं कलमें होतीं, ऊर्जा व खनिज द्रव्यें यांचें प्रकरण होतें, आणि त्यांच्याच पंक्तीला इंडोनेशियाच्या परिचारिकांना व वृद्धांच्या शुश्रूषकांना जपानांत घेण्याची तरतूद होती. पहिल्या दोन वर्षांसाठीं परिचारिका ४०० आणि शुश्रूषक ६०० अशी मर्यादा ठरली. जपानांत वृद्धांची संख्या वाढत होती व शुश्रूषेला माणसें अपुरीं पडत होतीं. तरीहि, ही भरती मनुष्यबळाच्या टंचाईसाठीं नसून आर्थिक सहकार्याचा एक भाग म्हणून आहे, असाच जपानी सरकारचा अधिकृत पवित्रा होता.

सन २००८ च्या ऑगस्टमध्यें पहिली तुकडी जपानला पोंचली. तींत २०८ जण होते. त्यांतील परिचारिका मायदेशीं रीतसर शिकलेल्या व किमान दोन वर्षें रुग्णालयांत काम केलेल्या होत्या. सुया टोंचणें, जखमा धुणें, औषधांचें प्रमाण पाहणें हीं कामें त्यांच्या हातांत बसलेलीं होतीं. परंतु जपानची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंत त्यांना परिचारिका म्हणून काम करण्याची मुभा नव्हती. तोंपर्यंत त्या मदतनीस. रोग्याला जेवूं घालावें, आंघोळ घालावी, अंथरूण बदलावें; सुईला मात्र हात लावावयाचा नाहीं. परीक्षेसाठीं मुदत तीन वर्षांची. शुश्रूषकांना चार वर्षें मिळत. पण आधीं तीन वर्षें काम केल्यावांचून परीक्षेला बसतां येत नसे, म्हणून त्यांच्या वाट्याला संधि एकच.

परीक्षा अर्थातच जपानी भाषेंत होती. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रोग्याच्या अंगाला जी जखम पडते तिला तेथील वैद्यक ‘जोकुसो’ म्हणतें. ही जखम कशी टाळावी हें जावामधील परिचारिकेला पक्कें ठाऊक. पण तो शब्द ज्या चित्राक्षरांनीं लिहितात तीं सामान्य जपानी वाचकालाहि सहज उलगडत नाहींत. सहा महिन्यांच्या भाषाशिक्षणाच्या शिदोरीवर असला पेपर सोडवावयाचा होता. परिणाम व्हावयाचा तोच झाला. सन २००९ मध्यें ८२ जणांनीं परीक्षा दिली. एकहि उत्तीर्ण झालें नाहीं. पुढील वर्षीं इंडोनेशिया व फिलिपाईन्स या दोन देशांचे मिळून २५४ उमेदवार बसले आणि तिघे उत्तीर्ण झाले. त्याच परीक्षेंत एकंदर उमेदवारांपैकीं दहांत नऊ उत्तीर्ण होत असत. तेव्हां दोष रोगी सांभाळण्याच्या विद्येंत नव्हता, हें उघड आहे.

या अनुभवानें जपानी सरकारलाहि पद्धत बदलावी लागली. अवघड चित्राक्षरांशेजारीं त्यांचे उच्चार छापले जाऊं लागले, रोगांचीं नांवें इंग्रजींतहि देण्यांत आलीं, पुढें वेळहि वाढवून मिळाला, आणि भाषेचें शिक्षण प्रवासापूर्वीं मायदेशींच सुरू झालें. सन २०११ मध्यें उत्तीर्णांची संख्या १६ वर गेली आणि सन २०१२ मध्यें ती ४७ झाली. त्याच वर्षीं शुश्रूषकांच्या पहिल्या परीक्षेंत ९५ पैकीं ३६ उत्तीर्ण झाले; त्यांत ३५ इंडोनेशियाचे होते. उत्तीर्ण झालेल्यांना जपानांत राहण्याचा परवाना पुनःपुन्हा वाढवून मिळूं शकतो. कराराच्या मजकुरापेक्षां परीक्षेच्या कागदावरील या बारीकसारीक सुधारणांनीं नोकरीचें दार अधिक उघडलें, असें म्हणावें लागतें.

या कराराचा एक गुण मात्र आरंभापासूनच होता. उमेदवारांची निवड व रुग्णालयांशीं त्यांची सांगड हें काम दोन्ही देशांनीं नेमलेल्या अधिकृत संस्थांकडे होतें. मध्यें खाजगी दलाल नव्हता. खेड्यांतल्या मुलीला परदेशीं पाठवितांना दलाल तिच्या पुढील कित्येक महिन्यांच्या पगारावर आधींच हात ठेवतो, ही व्यथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना या तरतुदीचें मोल सांगावें लागणार नाहीं.

इंडोनेशियाच्या शेजारींहि असाच अनुभव आहे. आग्नेय आशियांतील राष्ट्रांच्या संघानें, म्हणजे आसियाननें, सन २०१५ च्या अखेरीस आपला आर्थिक समुदाय स्थापिला. एकमेकांच्या पदव्या मान्य करण्यासाठीं या राष्ट्रांनीं जे समझोते केले, त्यांत अभियंते, परिचारिका, वैद्य, दंतवैद्य, वास्तुविशारद असे व्यवसाय आहेत. परिचारिकांचा समझोता सन २००६ चा. त्याखालींहि तीन वर्षांचा अनुभव व यजमान देशाच्या नियामक मंडळाची संमति लागते. मळ्यांतला मजूर आणि घरांतली मोलकरीण यांचा या यादींत पत्ता नाहीं. आणि इंडोनेशियांतून शेजारीं जाणारे बहुसंख्य तर तेच आहेत.

ऑस्ट्रेलियाशीं झालेला करार ५ जुलै २०२० रोजीं लागू झाला. तरुणांनीं प्रवास करावा व खर्चापुरतें कामहि करावें, यासाठीं तो देश एक परवाना देतो. इंडोनेशियासाठीं अशा परवान्यांची वार्षिक मर्यादा १००० होती. करारानें ती पहिल्या वर्षीं ४१०० व पुढें क्रमाक्रमानें ५००० करावयाचें ठरलें. वाढ लहान नाहीं. परंतु अर्जदाराचें वय १८ ते ३० असावें, त्याचें कांहीं उच्च शिक्षण झालेलें असावें व त्याला कामापुरती इंग्रजी यावी, अशा अटी आहेत. शहरांतील महाविद्यालयांत शिकलेल्या तरुणाला हें दार उघडलें. लोंबोकमधील शेतमजुराला तें बंदच राहिलें.

मग या शेतमजुराचें आणि त्याच्या बहिणीचें रक्षण कोण करतें? त्यांच्यासाठीं सरकारें निराळे श्रमविषयक करार करतात, आणि ते व्यापारी करारांहून ठिसूळ असतात. छळाच्या प्रकरणांमुळें इंडोनेशियानें सन २००९ मध्यें मलेशियाला मोलकरणी धाडणें थांबविलें. सन २०११ च्या अखेरीस तें पुन्हां सुरू झालें. सन २०२२ च्या एप्रिलमध्यें नवा समझोता होऊन महिना किमान १५०० रिंगिट वेतन ठरलें. तरी भरतीच्या ठरल्या मार्गाबाहेरच परवाने दिले जात आहेत, या तक्रारीवरून जुलैमध्यें कामगार पाठविणें पुन्हां कांहीं काळ बंद पडलें. इंडोनेशियाच्या सन २०१७ च्या १८ व्या कायद्यानें परदेशीं जाणाऱ्यावर नेमणुकीच्या खर्चाचा भार टाकण्यास मनाई केली आहे. कायदा चांगला आहे. पण त्याचा हात सीमेपलीकडे पोंचण्यास दुसऱ्या राष्ट्राची सहीच लागते.

जपाननेंहि पुढें सन २०१९ च्या एप्रिलपासून विशिष्ट कौशल्याच्या कामगारांसाठीं नवा परवाना काढला. शुश्रूषेच्या कामाला येणाऱ्यांस आतां राष्ट्रीय परीक्षेऐवजीं कौशल्याची व भाषेची साधी चाचणी पुरते, आणि अशा रीतीनें पांच वर्षांपर्यंत राहतां येतें. ही वाट व्यापाराच्या करारानें नव्हे, तर जपाननें आपल्या प्रवेशाच्या कायद्यांत केलेल्या बदलानें उघडली. ज्याला माणसांची गरज असते तो देश करार नसतांहि दार उघडतो, हें यावरून दिसतें. पण करार नसेल तर तेंच दार तो एकट्याच्या मर्जीनें लावूनहि घेऊं शकतो.

म्हणून कराराची खरी किंमत परवान्यांच्या आंकड्यांत शोधूं नये. घरीं शिकलेली विद्या परदेशीं मानली जाते कीं नाहीं, तेथील भाषा शिकण्याचा वेळ व खर्च कोण सोसतो, आणि कामकरी व मालक यांच्यामध्यें कोण उभा असतो, या तीन प्रश्नांचीं उत्तरें करारांत लिहिलेलीं असलीं पाहिजेत. जाकार्तांत पुढील करारावर सही करण्यापूर्वीं तेथील मंत्र्यांनीं हेंच पाहावयास हवें. नाहींतर जकातीचा आंकडा उतरेल, आणि शिकलेली परिचारिका परदेशीं अंथरुणें बदलीत राहील.