झिजलेले दात : ओळख आणि उपचार
(वडीगोद्री, जि. जालना येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अंगणवाडी सेविका यांच्यासमोर केलेले भाषण)



प्रारंभीच सांगतो, मी दंतवैद्य नाही. कलाशाखेचा पदवीधर आणि माहिती खात्याचा अधिकारी आहे. तज्ज्ञांचे म्हणणे सर्वांना समजेल अशा भाषेत आपल्यापर्यंत आणणे, एवढेच माझे काम. दात किडण्याविषयी शाळांतून आता पुष्कळ सांगितले जाते. आज मला बोलावयाचे आहे ते झिजेविषयी आणि झिजेमुळे बिघडणाऱ्या दातांच्या बैठकीविषयी. हा विषय आपण एका वाक्यात संपवितो : "वय झाले, दात झिजायचेच." हे वाक्य अर्धेच खरे आहे.

झीज नवी नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या दातांचा अभ्यास डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतील डॉ. जॉन ल्यूकाच यांनी केला. त्या दातांवरही झीज दिसते. दगडावर भरडलेल्या धान्याबरोबर दगडाची कच पोटात जाणारच. आज पीठ गिरणीतून येते, अन्न मऊ झाले आहे. तरीही चाळिशीतच एखाद्याचे दात सपाट झालेले दिसले, तर कारण वयात नव्हे, अन्यत्र शोधले पाहिजे.

दाताच्या बाहेरील थराला दंतवल्क म्हणतात. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. दाढेच्या उंचवट्यावरही त्याची जाडी दोन-अडीच मिलिमीटरच असते. त्यात जिवंत पेशी नसतात, म्हणून मोडलेले हाड जसे सांधते तसे दंतवल्क भरून येत नाही. ते गेले की आतील पिवळसर, मऊ दंतिन उघडे पडते आणि मग झिजेचा वेग वाढतो.

आता बैठक म्हणजे काय ते पाहू. तोंड मिटले की चावण्याचा मुख्य भार दाढांनी घ्यावयाचा असतो. पटाशीचे दात तोडण्यासाठी आहेत, भार वाहण्यासाठी नव्हेत. माझ्या आईच्या दाढा दुखत. एका दवाखान्यात त्या एकामागून एक काढल्या गेल्या. त्यांच्या जागी काही बसवावे लागेल, हे कोणीही सांगितले नाही. ती पुढच्या दातांनी भाकरी चावू लागली. काही वर्षांत ते दात निम्मे उरले, हनुवटी नाकाकडे सरकल्यासारखी दिसू लागली, ओठांचे कोपरे चिरू लागले. आम्ही सारे म्हणत होतो, आई म्हातारी झाली. तिचे वय तेव्हा बावन्न होते.

आईला मशेरीचीही सवय होती. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ही पूड आपल्या भागातील अनेक स्त्रिया "दात घासायला" म्हणून दिवसातून तीन-चार वेळा लावतात. खरखरीत पूड आणि बोटाचा दाब यांमुळे हिरडीलगत दाताला खाच पडते. राखुंडीचे आणि विटेच्या पुडीचेही तेच. मात्र मशेरी ही तंबाखू आहे, हे विसरता कामा नये. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. मशेरी मात्र घरातच भाजली जाते. तोंडात पांढरा वा लाल चट्टा अथवा न भरणारी जखम दोन आठवड्यांहून अधिक राहिली, तर दातांचा विचार बाजूला ठेवून प्रथम ती दाखवावी. तंबाखू सोडण्यासाठी १८०० ११ २३५६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

दुसरे कारण आंबट. आपला जिल्हा मोसंबीचा. मोसंबी खाऊ नये असे मी म्हणणार नाही. बागाईतदार मला गावाबाहेर जाऊ देणार नाहीत! परंतु आंबट रस, चिंच, बाटलीबंद शीतपेये दिवसभर थोडीथोडी घेत राहिल्यास दंतवल्क विरघळते. रात्री घशाशी येणारे आम्लपित्तही तेच करते. आंबट खाल्ल्यावर पाण्याने चूळ भरावी. ब्रश लगेच करू नये, कारण त्या वेळी दाताचा पृष्ठभाग मऊ झालेला असतो.

तिसरे कारण झोपेत दात खाणे. ते स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळते. सकाळी जबडा आखडलेला, कानशिले दुखणारी, तोंड उघडताना कानापाशी कट्‌कन आवाज, ही त्याची लक्षणे. लहान मुलांत मात्र हे पुष्कळदा आढळते आणि बहुधा वयाबरोबर कमी होते. त्यावरून जंताचे औषध देत सुटू नये. शिक्षकांनी लक्ष द्यावे ते वेगळ्या गोष्टीकडे : खालचे पुढचे दात वरच्या दातांच्या पुढे बसत असतील, तर असे मूल सात-आठ वर्षांच्या आतच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास दाखवावे.

मोठ्या माणसाची झीज ओळखण्यास आरसा आणि उजेड पुरे. दाढांचे उंचवटे जाऊन ओट्यासारखा सपाट भाग झाला आहे, त्यात पिवळी वर्तुळे किंवा खळगे दिसतात, पुढच्या दातांच्या कडा पातळ होऊन त्यांचे टवके उडतात, गार पाण्याने दात शिवशिवतात. यांपैकी काहीही आढळले तरी तपासणी करावी.

उपचारात क्रमाला महत्त्व आहे. प्रथम कारण शोधणे, मग दातांचे छायाचित्र किंवा प्लास्टरचा साचा घेऊन काही महिन्यांनी ताडून पाहणे. झीज थांबलेली असेल, तर फ्लोराइडयुक्त पेस्ट आणि सवयीतील बदल एवढेही पुरते. दात खाणाऱ्यास रात्री घालण्याची कडक पट्टी करून देतात. गेलेल्या दाढांच्या जागी दाढा बसवितात. त्यानंतर झिजलेल्या दातांवर दाताच्याच रंगाचे भरण चढवून उंची वाढवितात. फारच झीज असेल तर कॅप. दातांची उंची वाढविण्यास जागा कोठून आणावी, हा प्रश्न नॉर्वेचे दंतवैद्य डाल यांनी १९७५ साली मोठ्या युक्तीने सोडविला : पुढच्या दातांवर थोडी उंची दिली की काही महिन्यांत मागचे दात आपोआप पुन्हा एकमेकांस भिडतात. म्हणून चांगले दात प्रथमच घासून "बैठक सरळ करून देतो" असे कोणी म्हणाल्यास दुसरे मत घ्यावे. घासलेले परत येत नाही. दाढ काढण्याचे ठरल्यास, तिच्या जागी काय बसविणार, हे त्याच वेळी विचारावे.

हे सारे एका फेरीत होत नाही, आणि आपली खरी अडचण येथेच आहे. आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. मध्येच सुटलेला उपचार पुष्कळदा कायमचाच सुटतो. तेव्हा सदस्यांनी आणि अंगणवाडी सेविकांनी अशा माणसांची यादी जूनमध्ये करावी व पहिली तपासणी आषाढातच करून घ्यावी. दसऱ्यापर्यंत तीन महिने हाती राहतात. जालन्याचे जिल्हा रुग्णालय आहे. अवघड बाबींसाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि तेथे जाणारा महामार्ग आपल्या गावावरूनच जातो.

रात्रीची पट्टी मिळालेल्या कामगाराने ती डबीत घालून फडावर न्यावी. सकाळी गार पाण्याने धुवावी, चुलीजवळ वा उन्हात ठेवू नये. उष्णतेने ती वाकडी होते, आणि वाकडी झालेली पट्टी दातांवर बसत नाही.