विहिरीच्या पाण्यातले जड धातू



चिकलठाण्याजवळून वाहणारी सुखना आणि शहरातून खाली जाणारी खाम, या दोन्ही नद्यांच्या काठी आपल्या विहिरी आहेत. वर कारखान्यांची वसाहत, खाली भाजीपाल्याचे मळे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातले औद्योगिक पट्टे तपासले, तेव्हा अतिप्रदूषित ४३ ठिकाणांत औरंगाबादचं नाव होतं. म्हणून आज जड धातूंविषयी बोलू.

मुलामा देण्याच्या कामात क्रोमियम आणि निकेल वापरतात, बॅटरीत शिसं असतं. सांडपाण्यातून हे धातू आले तर पाणी दिसायला स्वच्छच राहतं. वास नाही, चव नाही. पाणी उकळलं तरी धातू जात नाही, उलट पाणी आटून तो दाट होतो. जंतू मारण्याच्या औषधाचाही इथे उपयोग नाही. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, कॅडमियमची ०.००३. इतकं बारीक प्रमाण डोळ्याला कसं कळणार?

मग ते काढतात कसं? एक उपाय म्हणजे शोषक पदार्थ. शोषक धातूला आपल्या अंगाला चिकटवून धरतो. खास तयार केलेल्या कोळशाच्या आत इतकी बारीक छिद्रं असतात की चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅमची आतली भिंत उलगडली तर हजार चौरस मीटरपर्यंत भरते. म्हणजे चार ग्रॅम कोळशात एक एकर रान! लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांचेही शोषक करतात. चेन्नईच्या आय.आय.टी.तील टी. प्रदीप यांच्या गटाने लोहाच्या अतिसूक्ष्म कणांपासून आर्सेनिक धरणारा शोषक बनवला आहे. पण आर्सेनिकचा शोषक शिशालाही चालेल, असं धरू नका. ज्या धातूसाठी तो बनवला, त्याच धातूचा भरवसा. म्हणून आधी तपासणी, मग गाळणी.

आता मुख्य गोष्ट ऐका. शोषक धातू नाहीसा करत नाही, फक्त पाण्यातून आपल्यावर घेतो. कणगी भरली की धान्य बाहेर सांडतं, तसा शोषक भरला की धातू पाण्याबरोबर पुढे जाऊ लागतो. तेव्हा सांगितलेल्या मुदतीत तो बदलायचा. जुना शोषक उकिरड्यावर, बांधावर किंवा विहिरीत टाकायचा नाही. विकणाऱ्याला विचारा, "जुना माल परत नेणार का?" उत्तर 'नाही' असेल, तर घेऊ नका.

दुसरं असं की ही गाळणी माठापुरती, घरापुरती. मोटारीतून तासाला हजारो लिटर पाणी येतं, ते शेताला गाळून देणं परवडत नाही. आलेला धातू मातीत साठत राहतो आणि पालक-मेथीसारख्या पालेभाज्या कॅडमियम जास्त उचलतात. म्हणून धातू अडवायची खरी जागा कारखान्याचं आवार. तिथे सांडपाण्यात चुना घालून बराच धातू गाळाबरोबर खाली बसवता येतो आणि उरलेला शोषकावर धरता येतो. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने ती जबाबदारी कारखानदारावर आहे.

तर तुम्ही काय करायचं?

१. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत चौकशी करा. नेहमीच्या तपासणीत धातू धरलेले असतीलच असं नाही, म्हणून धातूंची नावं लिहून द्या.

२. बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. धातूंच्या नमुन्यासाठी तिच्यात आम्ल घातलेलं असतं, ती विसळू नका. मोटार दहा मिनिटं चालवून मग नमुना भरा.

३. पाण्यात दोष निघाला तर पिण्यासाठी आणि जनावरांसाठी दुसरं पाणी पाहा. त्या पाण्यावर पालेभाजी घेऊ नका.

४. अहवालाची प्रत जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या शहरातल्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एकट्याने जाण्यापेक्षा ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन चार-सहा विहीरवाले मिळून जा.

गाळणी घरातलं पाणी सांभाळील. रान सांभाळायचं तर नाल्याच्या तोंडाशीच जावं लागेल.