आमच्या विद्यालयाचें ग्रंथालय
(धर्मग्रामाच्या ज्युबिली समारंभांत ग्रंथालय समितीच्या वतीनें केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं मंदिराविषयीं व धर्मग्रामाच्या इतिहासाविषयीं बोलणारे अधिकारी वक्ते पुष्कळ आहेत. आमच्या वांट्यास एक लहानशी खोली आली आहे. त्या खोलींत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षांत काय घडलें, तेवढेंच आम्ही आपल्यापुढें मांडणार आहों.

वर्षारंभीं समितीपुढें आलेला पहिला प्रश्न पुस्तकांचा नव्हता, कुलुपांचा होता. कपाटें कांचेचीं, पुस्तकें आंत आणि किल्ली कार्यालयांत. मुलानें चिठ्ठी लिहावी, शिपायानें किल्ली आणावी आणि तोंवर मधली सुटी संपावी, असा क्रम चालत आलेला. कुलूप काढावें असें सुचवितांच समितींत दोन तट पडले. विरोध करणारांचें म्हणणें टाकाऊ मुळींच नव्हतें. हीं पुस्तकें देणग्यांतून आलेलीं; केळीच्या वाडींत आणि मासळीच्या टोपलीपाशीं राबलेल्या हातांचा पैसा त्यांत आहे; तीं हरवलीं तर जाब कोणास विचारावा? दुसऱ्या पक्षानें डॉ. रंगनाथन यांचा दाखला दिला. १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचीं जीं पांच सूत्रें मांडलीं, त्यांतील पहिलें सूत्रच असें, कीं ग्रंथ वापरण्याकरितां असतात. युरोपांत एके काळीं पुस्तकें सांखळीनें फळीस जखडून ठेवीत; इंग्लंडांत हिअरफर्डच्या कॅथेड्रलमध्यें तशा सांखळ्या आजही पाहावयास मिळतात. आमच्या कुलुपाचें कूळ तेंच, असें एका शिक्षकांनीं म्हटलें, आणि वातावरण थोडें तापलें.

वाद मिटला तो आपल्याच एका ग्रंथामुळें. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले आणि त्यांनीं सुमारें ११ हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण मराठींत रचिलें. देवनागरी खिळे नसल्यामुळें तें १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. पुढें १६४९ आणि १६५४ सालीं पुन्हा छापलें. या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. मग ग्रंथ जगला कसा? कोणी तरी तो वाचीत होता आणि दुसऱ्याकरितां हातानें उतरून घेत होता, म्हणून. अशा हस्तलिखितांवरूनच जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुन्हा छापून काढला. हें ऐकून कुलुपाच्या बाजूचे आमचे सर्वांत वडीलधारे सभासद कांहीं वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ठेवा तर उघडीं. पण नोंदवही मी ठेवीन." तसेंच ठरलें, आणि वर्षभर त्यांनीं ती इतक्या चोख ठेवली, कीं मुलें त्यांना थोडीं भितातही.

कपाटें उघडल्यावर निराळीच गोष्ट नजरेस आली. बंद कपाटांत पुस्तकें सुरक्षित राहतात ही समजूत आपल्या वसईच्या दमट हवेंत खरी ठरत नाहीं. कोंडलेल्या जागीं ओल धरते. ओलींत कसर वाढते. आणि कसरीस बांधणीची खळ फार प्रिय. कांहीं पुस्तकें बाहेरून नवींकोरीं, पण पुठ्ठा उचलतांच शिवण सुटलेली. पावसाळ्यापूर्वीं सर्व फळ्या भिंतीपासून दूर सरकविल्या, पुस्तकें वाऱ्यावर ठेवलीं, जीं वांचण्यासारखीं होतीं तीं पुन्हा बांधलीं. खळींत मोरचूद घालण्याचें काम अर्थातच मोठ्यांनीं केलें. शिवण घालण्यास आठवीचीं मुलें बसलीं. वर्गीकरण ड्युई यांच्या दशांश पद्धतीनें केलें आहे. धर्माचे ग्रंथ २०० च्या घरांत आणि मराठी साहित्य ८९१.४६ या अंकावर. हा अंक लहान मुलांनीं एखाद्या कवितेसारखा पाठ केला आहे. मोठ्यांना तो अद्याप साधलेला नाहीं.

कार्यक्रमांविषयीं थोडक्यांत सांगतों. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन नेहमींप्रमाणें झाला. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं झाला, त्याचा आनंद आम्हीं २७ फेब्रुवारीस, मराठी भाषा गौरव दिनीं, निराळ्या रीतीनें साजरा केला. मुलांनीं आजीआजोबांकडून कादोडीचे, वाडवळीचे आणि कोळी बोलीचे शब्द विचारून आणले. स्वयंपाकघर, वाडी, होडी, लग्न अशा क्रमानें त्यांची वही तयार होत आहे. तिच्यांतील कित्येक शब्द आमच्यापैकीं तरुण शिक्षकांसही अपरिचित होते.

२५ जुलै २०२४ रोजीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो देवाघरीं गेले. नंदाखालचे हे सुपुत्र, 'सुवार्ता'चे दीर्घकाळ संपादक, आणि २०२० सालीं उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, येथील ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. भाषणें न करितां आम्हीं त्यांचीं पुस्तकें मेजावर मांडलीं आणि ज्यास जें पान आवडलें तें त्यानें मोठ्यानें वाचावें असें सांगितलें. शाळा सुटल्याची घंटा झाली तरी कोणी उठलें नाहीं.

उपवासकाळाचा उपक्रम मात्र आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमांत ४८ व्या प्रकरणीं अशी आज्ञा आहे, कीं या काळाच्या आरंभीं प्रत्येक मठवासीयानें ग्रंथालयांतून एक पुस्तक घेऊन तें अथपासून इतिपर्यंत क्रमानें वाचावें. राखेच्या बुधवारीं, ५ मार्च २०२५ रोजीं, ज्यांची इच्छा होती त्या विद्यार्थ्यांस आम्हीं तसें एकेक पुस्तक दिलें. एका मुलीनें तीन वेळां मुदत वाढवून मागितली. चौकशी करतां कळलें, कीं ती रोज रात्रीं आजीस वाचून दाखवीत होती, आणि आजी मागील पान पुन्हा वाचावयास लावीत असे. त्या पुस्तकाचे कोपरे आतां पार मऊ झाले आहेत. बांधणीस पाठवावयाच्या यादींत तें पहिलें आहे.

नोंदवहीप्रमाणें कांहीं पुस्तकें अद्याप परत आलेलीं नाहींत. ज्यांच्या घरीं तीं असतील त्यांनीं संकोच न करितां आणून द्यावीं; दंड नाहीं.

शेवटीं एक विनंती. आपल्यापैकीं कित्येकांचीं मुलें आतां इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात, आणि त्यांच्या हातीं मराठी पुस्तक क्वचितच पडतें. त्यांच्याकरितां दर रविवारीं दुसऱ्या मिस्सानंतर तासभर खोली उघडी ठेवण्याचें ठरलें आहे. नोंदवही धरण्यास तरुण मंडळांतील दोघे पुढें आले आहेत. तिसरा हवा आहे. ज्यास शक्य असेल त्यानें समारंभ संपल्यावर आम्हांस आपलें नांव द्यावें.