दुधाच्या गावात आपलं स्वागत



स्वागत समितीच्या वतीनं आपणा सर्वांचं कोडोलीत मनःपूर्वक स्वागत! पन्हाळा तालुक्यातलं आमचं हे गाव ऊस आणि दुधाचं. तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला वारणेचा सहकार शेजारीच आहे. इथं पॉलिमर कणांची परिषद कशाला, असं काहींनी विचारलं. त्यांना मी दुधाचाच दाखला दिला.

दुधातलं केसीन शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या कणांत असतं. आत प्रथिनं आणि कॅल्शियम फॉस्फेट, बाहेर कॅपा-केसीनचा केसाळ थर. रेनेट या विकरानं हा थर छाटला की कण एकमेकांना चिकटतात आणि चीज बनू लागतं. दूध संस्थेत घातलेलं दूध बल्क कूलरमध्ये ४ अंशांवर गेलं की बीटा-केसीनचा काही भाग कणातून सुटतो. ऊब मिळाली की बराचसा परततो.

आपण प्रयोगशाळेत असाच कण ठरवून घडवता. पॉलिस्टायरीनचा घट्ट गाभा, त्यावर पॉली-एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलामाइडचं जाळीदार कवच. सुमारे ३२ अंशांखाली कवच पाणी धरून फुगतं, तापमान त्यावर गेलं की पाणी सोडून आक्रसतं. गाभा मात्र तसाच राहतो. पाणी टाळणारे गट उबेत एकमेकांना धरतात, गारव्यात सैलावतात. दुधात आणि पॉलिमरात कारण हेच.

कवचातल्या या पॉलिमरचा स्वभाव १९६८ मध्ये हेस्किन्स आणि गिलेट यांनी मांडला. १९८६ मध्ये पेल्टन आणि चिबान्ते यांनी त्याचे सूक्ष्मकण केले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर आणि डॉ. आशिष लेले यांनी तापमानाला प्रतिसाद देणाऱ्या जेलवर काम केलं. गाभा-कवच कणांच्या कवचात चांदीचे नॅनोकण बसवले तर रासायनिक अभिक्रियेचा वेग तापमानानं कमी-जास्त करता येतो. औषध योग्य वेळी सोडण्यासाठीही या कणांकडे पाहिलं जातं.

पाहुण्यांना एकच विनंती. जाण्यापूर्वी आमच्या पोरांना इथल्या दुधावरचा एखादा प्रश्न देऊन जा. नमुना दारात आहे, मोजमापाची रीत तुम्ही शिकवा. जेवणखाण, मुक्काम यांत काही उणं राहिलं तर सांभाळून घ्या, आणि चर्चेत मात्र कुणाचीही भीड धरू नका.