खोटं रीडिंग
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी एका जीपखाली आडवा झालो होतो. म्हणाले, "तू गॅरेजवाला, गाड्यांवर दहा मिनिटं बोल." मी म्हटलं, अरे, शाळेत मी दोन वाक्यं धड बोललो नाही, आता कसला बोलतोय! पण सकाळी आपल्या डॉक्टर मित्राने शुगरवर सांगितलं, बँकेतल्या मैत्रिणीने मृत्युपत्र कसं करावं ते सांगितलं. प्रत्येकाने आपापल्या धंद्यातलं काहीतरी दिलं. माझ्याकडे द्यायला एक छोटी काळी डबी आहे. काड्यापेटीपेक्षा जरा मोठी, दोन्ही बाजूंना वायर. ही बघा, आणलीय सोबत. हिची गोष्ट सांगतो आणि खाली बसतो.

आधी नववीतली एक आठवण. प्रयोगशाळेत सोप्या दोलकाचा प्रयोग होता. वीस आंदोलनांना किती सेकंद लागतात ते तीनदा मोजायचं. मी आणि माझा बाकावरचा जोडीदार खिडकीतून मैदानावरची मॅच बघत बसलो आणि मागच्या वर्षीच्या मुलाच्या जर्नलमधून आकडे उतरवले. तिन्ही वेळा बरोबर 40 सेकंद. सरांनी जर्नल बघितलं, काही बोलले नाहीत. दोरी हातात दिली आणि म्हणाले, मोज. मागच्या वर्षी दोरी एक मीटरची होती, आमची 80 सेंटिमीटरची! 36 सेकंदांत वीस आंदोलनं संपली. अख्खा वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "दोलकाला तुझी वही वाचता येत नाही. तू काहीही लिही, तो त्याच्या वेळेलाच येणार." सर, तुम्हाला आठवत नसेल. मला पुढे एका रात्री ते फार आठवलं.

आता डबीकडे येतो. 2012 साली मी 1.3 लिटर डिझेल इंजिनाची एक लहान गाडी घेतली. गाडीचं नाव सांगत नाही. ते 1248 सीसीचं इंजिन मूळ फियाटचं, आणि आपल्याकडे मारुती, टाटा, फियाट अशा तिघांच्याही गाड्यांत बसलेलं. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी ते चालवलेलं आहे. चांगलं इंजिन. अॅव्हरेज उत्तम, काटक. एकच तक्रार सगळ्यांची: दोन हजार आरपीएमच्या खाली जीव नाही. टर्बो जागा होईपर्यंत गाडी विचार करत बसते. घाटात ट्रकच्या मागे अडकलात आणि ओव्हरटेकला पाय दाबला की "येतो, येतो" म्हणते आणि तोवर समोरून एसटी आलेली असते.

ही डबी त्यावरचा उपाय म्हणून विकली जाते. काम कसं करते ते सांगतो, कारण लोकांना वाटतं हिच्यात काही जादू आहे. आजच्या डिझेल गाडीत पंप एका जाड नळीत डिझेल दाबून भरून ठेवतो, तिला रेल म्हणतात. तुमच्या टायरमध्ये साधारण दोन बार हवा असते. या रेलमध्ये गाडी नुसती उभी असताना अडीचशे-तीनशे बार, आणि पूर्ण जोर लावला की चौदाशे-सोळाशे बार दाब असतो. रेलवर एक सेन्सर असतो. तो गाडीच्या कॉम्प्युटरला सतत सांगत असतो की आत्ता दाब इतका आहे. त्यावरून कॉम्प्युटर पंपाला हुकूम सोडतो.

डबी बसते ती या सेन्सरच्या आणि कॉम्प्युटरच्या मधे. सेन्सर म्हणतो, तेराशे. डबी कॉम्प्युटरला सांगते, साडेअकराशे. कॉम्प्युटर बिचारा म्हणतो, कमी पडतंय, वाढवा. दाब वाढतो. इंजेक्टर उघडतो तेवढ्याच वेळासाठी, पण तेवढ्यात जास्त डिझेल आत जातं. जोर वाढला! बसवायला वीस मिनिटं. एक वायर कापावी लागत नाही, कपलर जसेच्या तसे बसतात. डबीच्या आत एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की खोटं कमीजास्त करता येतं.

म्हणजे थोडक्यात, सर, ही डबी तुमच्या प्रयोगशाळेत बसून खोटं रीडिंग लिहिते.

मी बसवली. मेकॅनिक होतो, सगळं समजत होतं, तरी बसवली. खरं कारणही सांगतो. त्याआधी आपण काही जण जमलो होतो. तुम्ही सगळे मोठमोठ्या गाड्यांतून आला होतात. कोणी काही बोललं नाही, पण माझी छोटी गाडी त्या रांगेत शेवटी उभी होती. घरी जाताना मनात आलं, गाडी लहान असली तरी घाटात तुमच्यातल्या एकालाही पुढे जाऊ देणार नाही. वय वर्षं चाळीस! पण असं वाटलं खरं.

आणि मजा आली, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या गिअरमध्ये कुंभार्ली घाट चढायला लागली. ट्रक मागे पडू लागले. मी स्क्रू अजून थोडा फिरवला. मागून जरा काळा धूर यायला लागला, म्हटलं डिझेल आहे, येणारच. महिन्या-दोन महिन्यांनी चढावर कधीतरी इंजिनाचा आवाज वाढायचा पण गाडी तेवढी उचलायची नाही. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं, बाबा, क्लच स्लिप मारतेय, प्लेट गेली तुझी. कंपनीने क्लच बनवली ती मूळच्या जोराच्या हिशोबाने. जोर वाढवलास, क्लच तीच राहिली. स्वतःच्या गाडीला मी सांगितलं, बघू दिवाळीत.

2013 चा श्रावण. रात्री सव्वाआठला नाना जेवता जेवता एका बाजूला कलले. तोंड वाकडं झालं, उजवा हात पडला.

नाना तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत. शाळेच्या ऑफिसात खिडकीशी बसणारे क्लार्क, माझे वडील. तुमच्या प्रत्येकाचा शाळा सोडल्याचा दाखला नानांच्या हातचा आहे. निळी शाई, मोत्यासारखं अक्षर. फळ्यावरचा सुविचारही बऱ्याचदा तेच लिहायचे. तोच उजवा हात.

आमच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, अर्धांगवायूचा झटका आहे, कराडला न्या, वेळ घालवू नका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. अॅम्ब्युलन्सला फोन केला, अर्ध्या तासात येते म्हणाले. मी म्हटलं, अर्धा तास कशाला, माझी गाडी दारात आहे, आणि या रस्त्यावर माझ्या गाडीपेक्षा लवकर कोणी पोचत नाही. आई "थांब रे" म्हणाली. मी ऐकलं नाही.

सव्वानऊला निघालो. नाना पुढची सीट मागे पाडून, मागे आई, भाऊ, शेजारचे काका. पाऊस असा की वायपर पुरत नव्हते. पोफळी सोडली, घाट लागला. मी दाबली. तिसऱ्या वळणावर इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी जागच्या जागी. पाय दाबला की आवाज वाढतोय, चाक फिरत नाही. मग तो वास. ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही, जळक्या क्लच प्लेटचा वास.

फोनला रेंज नाही. वर चढणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने स्वतः उतरून मागच्या चाकाला दगड लावला आणि माझ्या डोक्यावर ताडपत्री धरून उभा राहिला. नानांना ट्रकच्या केबिनमध्ये चढवणं शक्य नव्हतं. बॉनेट उघडलं, तोंडात बॅटरी धरली आणि ही डबी काढली. मूळचा कपलर परत सेन्सरला जोडला. त्याला दहा मिनिटं लागली. बाकीचा वेळ क्लच थंड होण्याची वाट बघण्यात गेला. काचेतून नाना माझ्याकडे बघत होते. एक डोळा अर्धा मिटलेला, एक उघडा. तेव्हा सर मला आठवले. दोलक त्याच्या वेळेलाच येतो.

पुढे पहिल्या गिअरमध्ये, पाय हलका ठेवून, चालण्याच्या वेगाने घाट चढलो. हेळवाकच्या पुढे जरा सपाटी आली तेव्हा गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला धरू लागली. कराडला पोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. पाच तास होत आले होते. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, तारखेसकट वेळ लिहिली, आणि म्हणाले, इंजेक्शनची वेळ गेली.

अर्धा तास थांबून अॅम्ब्युलन्सने गेलो असतो तर सव्वाबारापर्यंत पोचलो असतो. इंजेक्शन दिलं असतं तर हात परत आला असता, असं कोणी डॉक्टर छातीठोक सांगत नाही. मी विचारलं आहे. पण विचारायची संधीच मी ठेवली नाही.

नाना वाचले, सहा वर्षं जगले. बोलणं बरंच सुधारलं. उजवा हात नाही परत आला. पेन्शनच्या कागदावर सही करायला डाव्या हाताने शिकले. पहिली-दुसरीतल्या मुलासारखं वेडंवाकडं अक्षर यायचं, मग स्वतःच हसायचे. त्या रात्री गाडी का थांबली हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. घरातही सगळ्यांना "क्लच गेली" एवढंच माहीत होतं. आई आज इथे पहिल्या रांगेत बसली आहे. ती आत्ता ऐकते आहे. आई, तुला वेगळं सांगायला हवं होतं, पण घरी मला जमलं नसतं.

आता धंद्याचं दोन मिनिटं, म्हणजे तुम्ही मला बोलावलंत ते फुकट जायला नको.

गॅरेजवर महिन्याला दोन-तीन पोरं येतात, "काका, डबी बसवून द्या." मी त्यांना हाकलत नाही. चहा देतो आणि बसवून सांगतो. पहिलं, जोर वाढतो तो कुठून तरी येतो आणि कुठून तरी जातो. क्लच, गिअरबॉक्स, टर्बो हे सगळे जुन्याच पगारावर जादा काम करतात. दुसरं, डिझेल जास्त आणि हवा तेवढीच, तर काळा धूर. बीएस-4 डिझेल गाडीला पीयूसीत धुराची मर्यादा 50 एचएसयू आहे, जुन्या गाड्यांना 65. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत तर काजळी अडवणारा फिल्टर असतो, जादा काजळीने तो लवकर तुंबतो आणि बदलायचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो. तिसरं, वॉरंटी हातची जाते. विमा कंपनीला न सांगता बदल केला असेल तर क्लेमच्या वेळी भांडण ठरलेलं. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे: कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या गोष्टींशी मेळ बसणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही.

एवढं ऐकूनही काही जण म्हणतात, काका, मला ओव्हरटेक लवकर व्हायला हवा. त्यांना मी म्हणतो, गिअर एक खाली टाक. एअर फिल्टर बदल. टायरची हवा बघ. आणि नाहीच झाला ओव्हरटेक, तर राहा ट्रकच्या मागे दोन वळणं. त्यातल्याच एका ट्रकवाल्याने माझ्या डोक्यावर ताडपत्री धरली होती.

बसवून मात्र देत नाही. शेजारचं गॅरेज देतं, काही पोरं तिकडे जातात. जाऊ देत. माझ्या हातून नाही.

शेवटची एक विनंती आहे आणि मग जेवायला जाऊ. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी आलं तेव्हा आमच्या खालच्या खोलीत छातीपर्यंत होतं. नानांच्या वह्या, डायऱ्या, त्यांनी मला लिहिलेली पत्रं, सगळ्याचा लगदा झाला. आज माझ्याकडे नानांच्या उजव्या हाताची एक ओळ नाही. आहे ती डाव्या हाताची सही. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे शाळा सोडल्याचा जुना दाखला असेल, झेरॉक्स असली तरी चालेल, त्याचा फोटो आपल्या ग्रुपवर टाका. नाव तुमचं असेल, जन्मतारीख तुमची असेल. अक्षर मला हवं आहे.

सर, डबी इथे टेबलावर ठेवून जातो. प्रयोगशाळेत ठेवता आली तर ठेवा. पोरांना उघडून दाखवा, स्क्रू कुठे असतो तो.