मांजराच्या अंगावरील पुरळ : गोठ्यातले औषध नको



आपल्या नांदेड-लातूर भागात जनावरांच्या आरोग्याचा विषय निघाला की लालकंधारी आणि देवणीचे नाव येते, म्हशी-शेळ्यांचे येते. मांजराचे नाव कोणी काढत नाही. पण सोयाबीन, हरभरा, ज्वारीची पोती घरात आली की उंदरांवर रात्रभर पहारा तेच ठेवते आणि लेकरांच्या अंथरुणातही तेच शिरून झोपते. त्याच्या अंगावर पुरळ उठले, केस गळू लागले, तर तो साऱ्या घराच्या आरोग्याचा प्रश्न होतो. म्हणून आज त्याविषयी बोलणार आहे.

मांजर म्हणजे लहान बैल नव्हे

काही वर्षांपूर्वी एका आखाड्यावरून माझ्याकडे एक मांजर आणले होते. अंगावर पिसवा आणि पुरळ दिसले म्हणून मालकांनी बैलांच्या गोचिडांसाठी आणलेले औषध पाण्यात कालवून त्याला चोळले होते. थोड्याच वेळात लाळ गळू लागली, अंग थरथरू लागले. मालकांचा हेतू चांगलाच होता. बैलाला ज्या औषधाने काही होत नाही, त्याने मांजर कसे आडवे पडते, हा त्यांचा प्रश्नही रास्त होता.

त्याची कारणे दोन. मांजर दिवसभर अंग चाटते. जे कातडीला लावाल ते पोटात जाते. दुसरे म्हणजे काही औषधांचा निचरा करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फार कमी असते. म्हणून परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ ही औषधे आपल्या मनाने मांजराला लावू नका. फिनाईल, रॉकेल, जळके ऑईल, माणसांच्या खरजेचे बेंझिल बेंझोएट हेही नको. पूर्वी गॅमेक्सिन पावडर सर्रास टाकत. त्या बीएचसीवर १९९७ मध्ये देशात बंदी आली, पण पिकावरची पावडर जनावरावर टाकण्याची सवय पुरती गेलेली नाही. अंग दुखत असेल म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका. एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

इंजेक्शनचेही तसेच. जनावरांच्या एक टक्का आयव्हरमेक्टिनची १ मिली मात्रा ५० किलो वजनासाठी असते. घरचे मांजर भरते ३ किलो. अंदाजाने सुई भरली की मात्रा कितीतरी पट होते.

पुरळ कशाचे, ते ओळखा

पिसवा : कंबरेवर, शेपटीच्या बुडाशी बारीक खपल्या येतात. केस विंचरून पडलेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा समजावी.

खरूज : कानाच्या कडांपासून सुरुवात होऊन तोंडावर, मानेवर जाड करड्या खपल्या धरतात. खाज अतिशय असते. डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांमुळे ती होते.

गजकर्ण : ही बुरशी आहे. गोल चट्ट्यात केस तुटतात, कोंडा दिसतो, खाज कधी असते, कधी नसते. पिल्लांत जास्त आढळते.

तिन्ही दिसायला सारखी वाटू शकतात. डॉक्टर कातडी खरवडून किंवा केस घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेव्हा खात्री होते.

घरी काय करावे?

१) मांजराला वेगळ्या खोलीत, जुन्या कापडावर ठेवा. लेकरांना जवळ घेऊ देऊ नका.

२) हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

३) अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. गळालेले केस रोज ओल्या फडक्याने पुसून घ्या. गजकर्णाची बीजे केसांवर वर्षभरही टिकतात.

४) पिसवा असल्यास फटी, कोपरे, पोत्यांखालची जागा झाडून काढा. अंडी तिथेच असतात.

५) गजकर्णाचे औषध काही आठवडे चालते. केस उगवले म्हणून मध्येच सोडू नका.

चुकून विषारी औषध लागलेच तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या सौम्य साबणाने अंग धुवा, कोरड्या कापडात गुंडाळा, चाटू देऊ नका आणि औषधाची बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा. आखाड्यावरचे ते मांजर वाचले ते मालकांनी बाटली सोबत आणली आणि वेळ दवडला नाही म्हणून.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, १९६२ या क्रमांकावर विचारा. उदगीर आणि परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही तपासणी होते.

घरात कोणाच्या अंगावर गोल, लाल, खाजरा चट्टा उठला तर त्यांना माणसांच्या डॉक्टरांकडे न्या. दुकानातून आणलेल्या स्टेरॉईडमिश्रित मलमाने खाज थांबते, पण गजकर्ण आतून पसरते. मांजराने चावले किंवा ओरखडले तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शेवटी एक विनंती. खरजेचे मांजर पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडण्याची पद्धत आहे. त्याने आजार त्या गावात जातो आणि आपल्या पोत्यांना उंदीर लागतात. उपचाराने हा आजार बरा होतो. वर्षभर धान्य राखणाऱ्या जिवासाठी दवाखान्याची एक फेरी जास्त नाही.